इंग्रजी उपमा आणि कामकऱ्यांचा इतिहास

उपमा हा विषय शाळेच्या चार भिंतींत शिकवायचा आणि परीक्षा झाली की विसरायचा, असा आपला सर्वांचा समज आहे. त्यातून ती उपमा इंग्रजी भाषेतली आणि बोलणारा कामगार संघटनेचा! तेव्हा श्रोत्यांपैकी काहींना हा प्रकार लोहाराने सराफीवर प्रवचन करावे तसा वाटला, तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. इंग्रजी आम्ही शिकलो ते काव्याच्या गोडीने नव्हे, तर कायद्याच्या धाकाने. करारनामे, नोटिसा, आरोपपत्रे आणि औद्योगिक न्यायालयांचे निवाडे हीच आमची क्रमिक पुस्तके. परंतु याच पुस्तकांनी आम्हांस एक गोष्ट शिकवली, ती अशी की उपमा हा भाषेचा केवळ दागिना नव्हे. ती एक साक्ष आहे. आणि साक्ष म्हटली की साक्षीदार कोण, तो उभा कोठे होता, आणि त्याने डोळ्यांनी पाहिले की ऐकून सांगितले, हे विचारावेच लागते.

आपल्या अलंकारशास्त्राने उपमेचे चार अवयव सांगितले आहेत. 'मुख कमळासारखे सुंदर आहे' या वाक्यात मुख हे उपमेय, कमळ हे उपमान, सुंदरपणा हा साधारण धर्म आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. इंग्रजी उपमेचेही हेच चार अवयव आहेत. मात्र त्या भाषेत उपमेचे दोन ठळक साचे पडले आहेत. एक 'ॲज–ॲज' चा, दुसरा 'लाइक' चा. 'ॲज ब्लॅक ॲज कोल' म्हणजे कोळशासारखा काळा. येथे साधारण धर्म उघड सांगितलेला असतो. शंकेला जागा नाही. 'ही इज लाइक अ फादर टू अस', म्हणजे तो आम्हांस बापासारखा आहे, येथे मात्र साम्य कशात ते सांगितलेलेच नाही. ऐकणाऱ्याने ते आपल्या पदरचे भरून घ्यायचे. आपले शास्त्र याला लुप्तोपमा म्हणते. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला व्यवहार रोखीचा, दुसरा उधारीचा; आणि उधारीच्या व्यवहारात वही कोणाच्या हातात आहे याला फार महत्त्व असते.

शास्त्राने चार अवयव सांगितले. आम्ही नम्रपणे पाचवा सुचवू इच्छितो. तो म्हणजे बोलणारा. उपमा कोणाच्या तोंडची आहे? 'घाण्याच्या बैलासारखा राबतो' हे वाक्य राबणाऱ्याने स्वतःविषयी म्हटले तर ती तक्रार होते. धन्याने नोकराविषयी म्हटले तर ते प्रशस्तिपत्र होते. चारही अवयव तेच आहेत, परंतु अर्थ उलटा झाला. इंग्रजी भाषेतील उपमांकडे या पाचव्या अवयवाच्या अंगाने पाहिले, तर इंग्लंडच्या कामकरी वर्गाचा इतिहासच त्यांत दडलेला दिसतो. तोच आज आपणांपुढे थोडक्यात मांडावयाचा आहे.

प्रथम काही जुन्या उपमा घेऊ. इंग्रजी माणूस एखादी गोष्ट अगदी उघड आहे असे म्हणताना 'ॲज प्लेन ॲज अ पाइकस्टाफ' म्हणतो. पाइकस्टाफ म्हणजे भाल्याचा दांडा. आता भाल्याच्या दांड्यात एवढे उघड ते काय? परंतु सोळाव्या शतकातील इंग्रजी पाहिले म्हणजे कोडे उलगडते. तेथे मूळ शब्द 'पॅकस्टाफ' असा आहे. गावोगाव पाठीवर गाठोडे घेऊन हिंडणारा जो फेरीवाला, त्याची ही काठी. उभ्या उभ्या विसावा घेताना तो गाठोड्याचा भार तिच्यावर टेकवी. वापरून वापरून ती काठी गुळगुळीत झालेली असे. तिच्यावर ना साल, ना नक्षी. 'प्लेन' या शब्दाचा साधा आणि उघड असा दुहेरी अर्थ त्या काठीला नेमका लागू पडतो. पुढे भाषेने फेरीवाल्याची काठी काढून घेतली आणि तिच्या जागी शिपायाचा भाला ठेवला. उपमा टिकली, परंतु कामकरी तिच्यातून निघून गेला.

दुसरी उपमा 'ॲज जॉली ॲज अ सँडबॉय', म्हणजे सँडबॉयसारखा आनंदी. हे सँडबॉय म्हणजे वाळू विकणारे गडी आणि पोरे. इंग्लंडातील दारूच्या गुत्त्यांत जमिनीवर सांडलेली दारू आणि चिखल शोषून घेण्यासाठी वाळू पसरत असत. पुढे तिची जागा लाकडाच्या भुशाने घेतली. ही वाळू खणायची, पोत्यांत भरायची, गाढवावर किंवा स्वतःच्या पाठीवर लादून दारोदार विकायची, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत ही उपमा लंडनच्या बोलीत रूढ झालेली दिसते. डिकन्सने १८४० – ४१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरीत एका खाणावळीला सँडबॉयचेच नाव दिले आहे. आता विचार करा. वाळूचे पोते वाहणारा माणूस आनंदाचे उपमान कसा झाला? त्याचे कारण असे की त्याला पाहणारा जो होता, तो गुत्त्यात बसलेला होता. वाळू टाकून झाल्यावर त्या गड्याच्या हाती पडणारा दारूचा पेला त्याने पाहिला. त्या पेल्याआधी पाठीवर असलेले पोते पाहिले नाही. ही उपमा बघ्याच्या तोंडची आहे.

आता तिसरी पहा. 'ॲज कोल्ड ॲज चॅरिटी', म्हणजे दानधर्मासारखे थंड. आपल्याकडील दात्यांच्या कानांना ही उपमा विचित्र वाटेल. दान तर उबदार असावयाचे! परंतु ही उपमा देणाऱ्याच्या तोंडची नव्हे, घेणाऱ्याच्या तोंडची आहे. ती जुनी आहे. पण १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने तिला जो अर्थ आणून दिला, तो कोणत्याही कोशकाराला देता आला नसता. या कायद्याचा रोख असा होता की धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसात येऊन राहावे. तेथे नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या दालनात आणि मुले तिसऱ्या दालनात. बाहेरच्या अगदी हलक्या मजुराच्या स्थितीहूनही आतल्याची स्थिती कमी सुखाची असली पाहिजे, हे त्या कायद्याचे उघड तत्त्व होते. हेतू हा की कोणी सहजासहजी मदत मागू नये. ज्याने ती पेज खाल्ली, त्यालाच दान थंड लागते हे ठाऊक. सँडबॉयची उपमा आणि दानाची उपमा शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे बघ्याची उपमा आणि भोगणाऱ्याची उपमा यांतील अंतर ध्यानात येईल.

कामकऱ्याला लावलेली उपमा त्याने निमूटपणे गिळलीच पाहिजे असे मात्र नाही. याचे एक उत्तम उदाहरण अठराव्या शतकाच्या अखेरीस घडले. फ्रान्सातील राज्यक्रांतीवर टीका करणारा प्रसिद्ध ग्रंथ एडमंड बर्कने १७९० साली लिहिला. त्यात सामान्य जनसमुदायाला त्याने डुकरांच्या कळपाचे विशेषण लावले. ज्ञान आणि विद्या त्या कळपाच्या खुरांखाली तुडवली जाईल, असे भय त्याने घातले. व्याकरणाने पाहिले तर ते रूपक आहे. परंतु रूपक म्हणजे 'सारखा' हा शब्द गिळून बसलेली उपमाच होय. लंडनातील चांभार, विणकर, छापखान्यातले कामगार यांनी हा शब्द वाचला. त्यांनी काय केले? आम्ही डुकरे नव्हे, असा अर्ज केला नाही. टॉमस स्पेन्स या गरीब पुस्तकविक्याने १७९३ साली एक पेनी किमतीचे साप्ताहिक काढले आणि त्याला नाव दिले 'पिग्ज मीट', म्हणजे डुकरांचे खाद्य. त्याच वर्षी डॅनियल आयझॅक ईटन याने 'हॉग्ज वॉश', म्हणजे डुकरांपुढे ठेवायचे आंबोण, या नावाचे पत्रक सुरू केले. डुक्कर म्हणता ना? मग हे डुकरांचे खाद्य. त्यात जगातील थोर लेखकांचे स्वातंत्र्याविषयीचे उतारे आहेत, आणि डुकरे ते एका पेनीला विकत घेऊन वाचत आहेत!

ईटनची पुढची हकीकत तर उपमेचे शास्त्र शिकणाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावी. त्याने आपल्या पत्रकात जॉन थेलवॉल या वक्त्याने सभेत सांगितलेली एक गोष्ट छापली. अंगणात एक झुंजीचा कोंबडा असतो. तो इतर कोंबड्यांवर जुलूम करतो. शेवटी मालक त्याचे मुंडके उडवतो. १७९३ च्या जानेवारीत फ्रान्सच्या राजाचा शिरच्छेद झाला होता, त्यामुळे सरकारचे कान टवकारलेले. ईटनवर राजद्रोहात्मक लिखाणाचा खटला भरला गेला. आरोपपत्रात सरकारला लिहावे लागले की येथे कोंबडा म्हणजे आपला राजा तिसरा जॉर्ज समजावा. बचावाचे वकील उठले आणि त्यांनी जूरीपुढे सरळ प्रश्न टाकला: लेखकाने फक्त जुलमी कोंबडा म्हटले आहे. त्या कोंबड्यात आणि आपल्या राजात साम्य आहे, असे म्हणणारे कोण? फिर्यादी! मग राजाचा अपमान कोणी केला? १७९४ च्या फेब्रुवारीत जूरीने ईटनला निर्दोष सोडले. लुप्तोपमेत साधारण धर्म ऐकणारा भरतो हे आम्ही वर म्हटले. येथे तर उपमेय देखील ऐकणाऱ्यानेच भरले आणि तोच तोंडघशी पडला. ईटनने आपल्या दुकानाला पुढे कोंबडा आणि डुक्कर यांचे नाव दिले, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना येईल.

आता आम्ही आजच्या मुख्य उदाहरणाकडे वळतो. इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटणारी उपमा म्हणजे 'ॲज मॅड ॲज अ हॅटर', हॅट करणाऱ्यासारखा वेडा. ल्यूइस कॅरोलच्या १८६५ सालच्या 'ॲलिस' च्या गोष्टीत चहा पीत बसलेला विक्षिप्त हॅटर आहे, त्यामुळे ही उपमा त्यानेच काढली असे पुष्कळांना वाटते. परंतु १८२९ सालच्या ब्लॅकवुड मासिकात ती छापलेली आढळते. म्हणजे कॅरोलने ती बाजारातून उचलली. तिच्या उगमाबद्दल पंडितांत एकमत नाही. कोणी ती सापावाचक जुन्या शब्दापासून आली असे म्हणतात. कॅरोलचा हॅटर हा ऑक्सफर्डजवळच्या एका विक्षिप्त दुकानदाराचे चित्र आहे, असेही कोणी सांगतात. ते काहीही असो. हॅट करणाऱ्यांच्या धंद्यात एक विशिष्ट रोग होता, त्या रोगाने माणसाचे मन आणि शरीर दोन्ही बिघडत, ही गोष्ट मात्र वैद्यकाने पक्की सिद्ध केली आहे.

तो रोग समजण्यासाठी धंदा समजून घेतला पाहिजे. आपण टोपी शिवतो. फेल्टची हॅट शिवत नाहीत, विणतही नाहीत. आपल्याकडे लोकर भिजवून, लाटून, दाबून जेन किंवा बुरणूस करतात, त्याच जातीचे हे काम. केसांचे तंतू उष्णता, ओलावा आणि दाब यांनी एकमेकांत गुंतवून त्यांचा एकजीव थर करायचा आणि त्याला आकार द्यायचा. बीव्हर या प्राण्याची लव या कामाला उत्तम, कारण ती आपोआप गुंतते. परंतु शिकारीमुळे बीव्हर दुर्मीळ आणि महाग झाला. मग कारखानदार सशाच्या केसांकडे वळले. सशाचे केस गुळगुळीत. ते एकमेकांना धरीत नाहीत. त्यांना धरायला लावण्याची युक्ती म्हणजे पारा. पारा नायट्रिक आम्लात विरघळवून ते द्रावण कातड्यावरील केसांना ब्रशाने लावीत. त्यामुळे केसांचा पृष्ठभाग खडबडीत होई आणि टोके नारिंगी रंगाची होत. कामगारांनी या क्रियेला नाव ठेवले 'कॅरटिंग', म्हणजे गाजर करणे. हीही एक उपमाच, आणि ती कामगाराच्या तोंडची आहे. किती साधी आणि नेमकी!

पुढे त्या केसांना गरम पाणी आणि वाफ देऊन हॅट घडवताना पाऱ्याची वाफ खोलीभर पसरे. कामगार ती दिवसभर श्वासात घेई. पाऱ्याच्या विषाची लक्षणे वैद्यांनी अशी सांगितली आहेत: हिरड्या सुजतात, दात हलतात, तोंडाला लाळ सुटते, आणि हातांना कंप सुटतो. हा कंप असा विचित्र की हात स्वस्थ असता कमी, परंतु काही काम करू जावे की वाढतो. कप उचलू जावे तर चहा सांडतो. सही करू जावे तर अक्षर ओळखू येत नाही. मनावर होणारा परिणाम याहून क्रूर आहे. माणूस कमालीचा लाजाळू होतो, चारचौघांत येणे टाळतो, कोणी आपल्याकडे पाहत आहे असे वाटले की गोंधळतो आणि एकाएकी चिडतो. झोप उडते, स्मरणशक्ती जाते. कॅरोलचा बडबड्या, कोडी घालणारा हॅटर आठवा आणि हा भिंतीकडे तोंड करून बसणारा हॅटर पहा. १९८३ साली एका इंग्रज वैद्यकीय नियतकालिकात हा विरोध दाखवून कॅरोलच्या हॅटरला पाऱ्याचा रोग नव्हता, असा निर्णयही देण्यात आला. जगाला जो वेडा हॅटर ठाऊक आहे तो मजेदार आहे. खरा हॅटर मजेदार नव्हता.

येथेच पाचव्या अवयवाचा प्रश्न उभा राहतो. 'मॅड' हा शब्द कोणाचा? रस्त्यावरून जाणाऱ्याचा. स्वतः हॅट करणारे आपल्या दुखण्याला काय म्हणत? अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात डॅनबरी नावाचे गाव आहे. हॅटच्या धंद्यासाठी ते जगप्रसिद्ध होते. तेथील कामगार या दुखण्याला 'शेक्स' म्हणत; लोक 'डॅनबरी शेक्स' म्हणू लागले. शेक्स म्हणजे कापरे. दोन्ही शब्दांतील फरक पहा. वेडा म्हटले की दोष माणसाचा होतो. त्याचा स्वभाव, त्याचे नशीब, फार तर त्याची दारू. कापरे म्हटले की ते दुखणे होते. आणि दुखणे म्हटले की ते कशाने झाले हा प्रश्न येतो. आणि कशाने झाले म्हटले की कारखान्याच्या दारापर्यंत जावे लागते. कामगाराचा शब्द अडाणी असेल, परंतु तोच शास्त्राच्या वाटेवर होता. बघ्याच्या उपमेने ती वाट अडवून धरली.

किती काळ अडवून धरली, तेही पाहू. १८६० साली न्यू जर्सी राज्यातील जे. ॲडिसन फ्रीमन या डॉक्टरने हॅट कामगारांतील पाऱ्याच्या रोगावर लेख प्रसिद्ध केला. म्हणजे कॅरोलचे पुस्तक निघण्याच्या पाच वर्षे आधी रोग आणि त्याचे कारण छापून आले होते. इंग्लंडात १९०६ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात ज्या मोजक्या सहा धंदेवाईक रोगांचा समावेश झाला, त्यांत शिसे, फॉस्फरस, अर्सेनिक यांच्याबरोबर पाराही होता. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने धोक्याच्या धंद्यांची पाहणी करताना या धंद्याचाही अभ्यास केला. शेवटी सरकारी आरोग्य खात्याने कनेक्टिकटमधील पाच कारखान्यांतील ५४४ कामगारांची तपासणी केली. त्यांत ५९ जणांना पाऱ्याचा जुनाट रोग जडलेला आढळला. १ डिसेंबर १९४१ पासून अमेरिकेत फेल्टच्या धंद्यातून पारा हद्दपार झाला. पाऱ्यावाचून हॅट होऊ शकते हे तोवर सिद्धच झाले होते. शिवाय युद्ध जवळ आले होते आणि स्फोटकांच्या कामी पारा हवा होता, हेही एक कारण सांगितले जाते. फ्रीमनच्या लेखापासून मोजले तर एक्याऐंशी वर्षे झाली. आपल्या देशातही १९४८ च्या कारखाना कायद्याने ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले, त्यांच्या यादीत पाऱ्याची विषबाधा होती. त्या यादीतील कोरड्या दोन शब्दांमागे डॅनबरीच्या कापऱ्या हातांचा इतिहास आहे, हे आपल्या कामगार कार्यकर्त्यांनी विसरू नये.

डॅनबरीच्या याच हॅटवाल्यांच्या नशिबी आणखी एक उपमा आली, ती कायद्याची. उपमा फक्त कवीच देतो असे नाही, न्यायाधीशही देतो. अमुक प्रकरण तमुकासारखे आहे म्हणून त्याला तोच कायदा लागू, हीही उपमाच. अमेरिकेत १८९० साली शर्मन कायदा झाला. तो मोठमोठ्या कंपन्यांनी संगनमत करून व्यापार अडवू नये म्हणून केलेला होता. १९०२ साली डॅनबरीतील लोवे यांच्या हॅट कारखान्यात संघटनेच्या मान्यतेवरून संप झाला, आणि संघटनेने देशभर त्या मालावर बहिष्कार पुकारला. मालकाने शर्मन कायद्याखाली दावा लावला, तोही संघटनेवर नव्हे तर सुमारे अडीचशे सभासदांवर. त्यांची घरे आणि बँकेतील शिलकी जप्तीत अडकल्या. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा कायदा कामगारांच्या संघटनेलाही लागू पडतो. तेलाच्या आणि पोलादाच्या मक्तेदारांप्रमाणेच हॅट करणाऱ्या कामगारांचे संगनमत! १९१५ साली नुकसानभरपाईचा हुकूमही कायम झाला. ही रक्कम अडीच लाख डॉलरांच्या घरात होती. कामकऱ्यांची घरे वाचवण्यासाठी १९१६ च्या जानेवारीत अमेरिकेतील संघटित कामगारांनी एक 'हॅटर्स डे' पाळला. प्रत्येकाने एका तासाची मजुरी द्यावी असे आवाहन होते. १९१७ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले.

या उपमेला उत्तर म्हणून १९१४ च्या क्लेटन कायद्यात एक वाक्य घालण्यात आले: माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू किंवा व्यापाराचा माल नव्हे. कामगारांचे पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांनी आनंदाने त्या कायद्याला कामगारांच्या मॅग्ना कार्टाची उपमा दिली. परंतु १९२१ साली न्यायालयाने त्या कलमांचा इतका संकुचित अर्थ लावला की सात वर्षांत ती उपमा फिकी पडली. पुढे १९४४ साली फिलाडेल्फिया येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या जाहीरनाम्यात पहिले तत्त्व म्हणून हेच सांगितले की श्रम हा विकाऊ माल नव्हे. अलंकारशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे एका उपमेचे खंडन आहे. श्रम मालासारखे विकले जातात हे खरे. परंतु माल गोदामात ठेवून मालक घरी जाऊ शकतो, श्रम करणाऱ्याला आपले शरीर बाहेर ठेवून कारखान्यात जाता येत नाही. एका धर्माचे साम्य म्हणजे सर्व धर्मांचे साम्य नव्हे. जगातील पुष्कळ अन्याय या एका चुकीवर उभे आहेत.

आता, हे सर्व ऐकून इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी काय करावे? उपमा वापरू नये काय? अवश्य वापरावी. उपमेवाचून भाषा म्हणजे मिठावाचून भाकरी. परंतु परक्या भाषेची उपमा उसनी घेताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, उपमान ही वस्तू काय आहे आणि तिचे काम काय? काठी असो, वाळू असो, हॅट असो, ती कोण करतो, कशी करतो? दुसरा, साम्य कशात आहे, आणि ते सांगितले आहे की उधारीवर ठेवले आहे? तिसरा, ही उपमा प्रथम कोण बोलला असेल, बघ्या की भोगणारा?

हे प्रश्न निव्वळ पुस्तकी नाहीत. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या व्यवस्थापकांनी आमच्या मागण्यांना इंग्रजीत उत्तर पाठवले. त्यात लिहिले होते की आम्ही कामगारांना मुलांसारखे वागवतो. 'लाइक अवर चिल्ड्रन' असे शब्द होते. आमच्या समितीतील काहींना हे वाक्य गोड वाटले. आम्ही बैठकीत एवढेच विचारले की साहेब, साम्य कशात ते पत्रात लिहायचे राहून गेले आहे. बाप मुलाला आधी वाढून मग आपण जेवतो, हे साम्य असेल तर आम्हांस मान्य. तसे करारात घालू. मुलाला घरच्या हिशेबात बोलायचा अधिकार नसतो, हे साम्य असेल तर आम्ही सज्ञान आहोत. साहेब हसले. पुढच्या मसुद्यातून ते वाक्य गेले आणि त्या जागी कँटीनच्या अनुदानाचा आकडा आला. आकडा आमच्या मागणीहून कमी होता. परंतु तो रोखीचा होता.

शब्दकोशात उपमेचा अर्थ मिळतो. तिचा मोबदला कोणी दिला ते तेथे मिळत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. सशाच्या केसांना गाजराचा रंग आणणारा तो कामगार आपल्या कापऱ्या हाताला कापरेच म्हणत होता. वेड त्याला इतरांनी चिकटवले, आणि त्याच्या हयातीत ते निघाले नाही. आपल्या गावात, आपल्या गिरणीत, गोदीत, वीटभट्टीवर, गटारात उतरणाऱ्या माणसांना आपण रोज ज्या उपमा देतो, त्या एकदा त्या माणसांना वाचून दाखवाव्यात आणि त्यांचा स्वतःचा शब्द काय आहे ते विचारावे. त्या शब्दाची नोंद आजच झाली, तर पुढच्या डॉक्टरला आणि पुढच्या कायद्याला एक्याऐंशी वर्षे लागणार नाहीत.